मायच्या मागं काय आधी जपावं, काय नंतर

माय गेली की आठवण म्हणून बहुतेक घरांत पहिलं काम होतं ते फोटो मोठा करून चौकटीत बसवण्याचं. खरं तर फोटो सगळ्यांत शेवटी केला तरी चालतो, तो कुठं जात नाही. जातात त्या दुसऱ्याच गोष्टी. कपडे तेरवीच्या आत वाटले जातात. मोबाईल तीन-चार महिन्यांत बंद पडतो आणि त्याच्याबरोबर आवाज जातो. तिच्या जावा, नणंदा, माहेरच्या मैत्रिणी तिच्याच वयाच्या, म्हणजे सत्तरी-ऐंशीच्या असतात. तिच्या हातची चव सुनेच्या हातात उतरलेली असते, पण सूनही वर्षागणिक आपल्या अंदाजानं करू लागते. म्हणून जे आधी हाताबाहेर जाणार ते आधी धरायचं. पुढचा क्रम त्याच हिशेबानं लावला आहे.

तेरवीपर्यंत: फक्त बाजूला काढून ठेवा

या दिवसांत काही करायला बसू नका, तेवढं अवसान घरात कुणालाच नसतं. तीन गोष्टी तेवढ्या सांभाळा.

पहिली, कपडे. मराठवाड्यात बऱ्याच घरांत गेलेल्या माणसाचे कपडे ठेवत नाहीत, देऊन टाकतात. रीत पाळायची तर जरूर पाळावी. पण द्यायच्या आधी घरातल्या मोठ्या माणसाशी, चुलत्याशी किंवा आत्याशी बोलून तिच्या रोजच्या नेसणीतली दोन सुती लुगडी मागून घ्या. ठेवणीतली भारी साडी कुणीतरी आपणहून ठेवतंच; रोजचं लुगडं मात्र जुनं म्हणून पहिलं जातं.

दुसरी, तिचा मोबाईल. तो पुसून साफ करायला कुणाला देऊ नका, लेकरांना खेळायलाही देऊ नका. चार्ज करून कपाटात ठेवा.

तिसरी, तिथी. तारखेच्या शेजारी महिना, शुद्ध की वद्य आणि तिथी त्याच दिवशी लिहून ठेवा. वर्षश्राद्ध तिथीनं धरतात आणि वर्षभरानं ती शोधताना पंचांग, भाऊबंद आणि गुरुजी यांची तीन उत्तरं येतात. सवाष्ण गेली असेल तर पितृपक्षातली अविधवा नवमीही लक्षात ठेवावी लागते. ज्या बौद्ध घरांत श्राद्धाऐवजी पुण्यानुमोदन करतात, तिथं तारीख पुरते.

भेटायला आलेल्या बायका गळ्यात पडून तिचे गुण काढून रडतात. त्या रडण्यात तिच्या आयुष्यातल्या अशा गोष्टी येतात की लेकरांनाही ठाऊक नसतात. तिथं फोन लावून रेकॉर्ड करणं बरोबर नाही. रात्री निवांत झाल्यावर कोण काय बोललं ते वहीत दोन-दोन ओळींत टिपा आणि त्या बाईचं नाव-गाव लिहा. महिन्या-दोन महिन्यांनी कुणाकडं जायचं, ते या वहीतूनच कळतं.

आवाज: पहिले तीन महिने

प्रीपेड नंबर सलग ९० दिवस वापरात नसला तर कंपनी तो बंद करू शकते आणि काही काळानं दुसऱ्या कुणाला देते. व्हॉट्सॲपचं खातं साधारण १२० दिवस वापर नसला की काढून टाकलं जातं. त्यामुळं बँक, पेन्शन, गॅस ही कामं उरकेपर्यंत तरी नंबरला लहानात लहान रिचार्ज मारत राहा.

तिचे बोललेले मेसेज तिच्या फोनपेक्षा तिनं ज्यांना पाठवले त्यांच्या फोनमध्ये जास्त सापडतात. पुण्या-मुंबईला असलेली लेक, शिकायला गेलेला नातू, दुबईचा भाचा अशा सगळ्यांना सांगा: तिच्याबरोबरचं चॅट उघडा, मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सेटिंग चालू असेल तर आधी ती बंद करा, मग तिचे सगळे ऑडिओ निवडून एकाच माणसाला पाठवा. अँड्रॉइड फोनच्या फाइल मॅनेजरमध्ये या फाइलींची नावं पीटीटी या तीन इंग्रजी अक्षरांनी सुरू होतात आणि पुढं तारीख असते. तारीख तशीच ठेवून पुढं मराठीत जोडा: कुणाला, कशाबद्दल. ‘खत आणलं का’, ‘पोहोचलास का’ असली चार सेकंदांची फाइल फालतू वाटून काढू नका. तिचा खरा सूर त्यातच असतो. समोर फोन धरून बोलायला लावलेल्या व्हिडिओत माणूस परक्यासारखं बोलतं.

जागा मोकळी करणारी क्लीनर ॲपं या फाइली सर्रास उडवतात. आवाज गोळा होईपर्यंत अशी ॲपं सगळ्यांच्या फोनमधून काढा. गोळा झालेल्या फाइलींच्या तीन प्रती करा: एक पेनड्राइव्हवर, एक ऑनलाइन साठ्यात, एक वेगळ्या गावी राहणाऱ्या भावंडाकडं.

नव्वदच्या दशकातल्या लग्नांच्या व्हिडिओ कॅसेटी घरात असतील तर त्याही आत्ताच काढा. ओल लागलेल्या फितीला बुरशी धरते आणि अशी कॅसेट यंत्रात घातली की फीत तुटते. पांढरे ठिपके दिसले तर घरी लावून बघू नका, कॅसेट उतरवून देणाऱ्या स्टुडिओत आधी दाखवा. हळदीच्या, रुखवताच्या गाण्यांत मागं कुठंतरी तिचा आवाज हमखास असतो.

तिच्या बरोबरीची माणसं

पहिला महिना जाऊ द्या, पण सहा महिने थांबू नका. आधी तिच्या माहेरी जा. सासरी तिला सगळे आई, आजी, काकू म्हणूनच ओळखतात. ती पोर असताना कशी होती ते सांगणारं माणूस माहेरीच सापडतं आणि दरवर्षी तिथलं एक-एक कमी होत असतं.

‘तिच्याविषयी काहीतरी सांगा’ असं विचारलं की ‘लई चांगली होती बघा’ यापुढं गाडी जात नाही. विचारायचं ते बारीक आणि हातात धरता येईल असं: लग्न होऊन आली ती बैलगाडीनं की एसटीनं? पाणी कोणत्या आडावरून आणायच्या, बरोबर कोण असायचं? बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला होती की पाझर तलावावर, वाटपाची सुकडी कुठं मिळायची, रेशनवरच्या मिलो ज्वारीची भाकरी कशी लागायची? ऊसतोडीला गेली असेल तर कोणत्या कारखान्यावर, कोणतं लेकरू पाचटात निजवून?

वयाचा घोळही इथंच सुटतो. त्या पिढीच्या आधार कार्डावरची जन्मतारीख बहुधा अंदाजानं घातलेली असते, १ जानेवारी नाहीतर शाळेतला तो ठरलेला १ जून. त्यापेक्षा खुणेच्या सालांवर वय बसवा. रझाकाराच्या धामधुमीत ती मांडीवरची होती की चालती? हैदराबाद संस्थान मोडलं ती तारीख १७ सप्टेंबर १९४८. बहात्तरच्या दुष्काळात तिचं कितवं लेकरू कडेवर होतं? जायकवाडीच्या पाण्यात गाव गेलं असेल तर धरणाचं साल १९७६ धरा. लातूर-धाराशिवकडं किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३. तेव्हा घरात कोणकोण झोपलेलं होतं, हे लोक अजून बोटावर मोजून सांगतात. मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. अशा दोन-तीन खुणा एकमेकींशी जुळल्या की जन्मसाल एखाद-दोन वर्षांच्या फरकानं हाती लागतं.

रेकॉर्ड करताना पंखा बंद ठेवा, फोन एअरप्लेनवर टाका, माणसापासून हातभर अंतरावर घडी केलेल्या कापडावर ठेवा. पत्र्याच्या घरात आवाज घुमतो, म्हणून ओसरी किंवा कडुलिंबाखालची सावली बरी. सुरुवातीला तारीख, गाव आणि बोलणारीचं नाव तुमच्या आवाजात सांगा. दहा वर्षांनी फाइलीचं नाव बदललेलं असलं तरी आतलं जात नाही.

ओव्या हव्या असतील तर खुर्चीवर बसवून मागू नका. जातं असेल तर जात्यावर बसवा, मूठभर ज्वारी घाला आणि दुसरी बाई खुंट्याला हात लावायला बसवा. जातं नसेल तर निवडायला डाळ द्या. हात चालू झाला की ओवी येते. नुसतं बसून आठवायला सांगितलं तर पहिली ओळ येते, दुसरी अडते. मध्ये टोकू नका, शब्द सुधारू नका. ती ‘म्हनं’ म्हणाली तर लिहितानाही ‘म्हनं’च लिहा. कोणती ओवी मायची आवडती, कोणती तिनं स्वतः जोडली, कोणती तिच्या आईकडून आली, तेवढं विचारून घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी सुरू केलेल्या कामातून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमल्या आहेत आणि त्या आता पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, म्हणजे ‘पारी’ या संकेतस्थळावर आहेत. माजलगावसारख्या ठिकाणच्या बायांचा आवाज तिथं ऐकायला मिळतो. मायच्या माहेराकडच्या ओव्या सापडतात का ते बघा; ऐकवल्या की म्हाताऱ्यांना आपल्याकडच्या आठवायला लागतात.

लुगड्याची वाकळ

वाकळ म्हणजे जुन्या कापडाचे थर शिवून केलेली गोधडी. हे काम उन्हाळ्यात धरा. रानातली कामं उरकलेली असतात, कापड कडक वाळतं आणि शिवायला माणसं मिळतात. दोघी रोज दोन-दोन तास बसल्या तर साधारण महिना लागतो.

आधी कापडाचा हिशेब. नऊवारी लुगडं सव्वाआठ मीटरच्या आसपास भरतं. त्याचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे होतात. पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण ४५ इंच. म्हणजे एका लुगड्यात एका माणसाची चार थरांची पातळ वाकळ होते, ती अंथरायला. पांघरायची हवी असेल तर दोन लुगडी घ्या आणि सहा थर करा. उरलेले दोन तुकडे ठिगळांना आणि गोटाला, म्हणजे कडेच्या पट्टीला. आठ थर करू नका. साधी सुई त्यातून निघत नाही, दाभण घ्यावा लागतो, टाके लांब पडतात आणि पहिल्याच धुण्याला दोरा ओढला जातो. सहावारी साडी साडेपाच मीटरची, तिच्यात दोन थर निघून दीड मीटर उरतं.

लुगडं दारात उजेडासमोर आडवं धरून बघा. जिथं धागे एकमेकांपासून सुटून जाळीसारखे दिसतात, तो भाग विरलेला. नऊवारीत बसण्याकडचा आणि कासोट्याकडचा भाग आधी विरतो. तो फेकायचा नाही, मधल्या थरात घालायचा. सगळ्यांत मऊ कापड तेच असतं. वरच्या-खालच्या थराला धड कापड लागतं. पदराचे तुकडे करू नका. वरच्या थराच्या मधोमध तो आख्खा बसवला की वाकळ कुणाच्या लुगड्याची आहे ते घरातलं लहान पोरही ओळखतं. तिनं कुठं रफू केलं असेल, ठिगळ लावलं असेल तर ते वरच्या बाजूला दिसेल असं घ्या. तिच्या हातचे टाके आहेत ते.

सगळी कापडं कापायच्या आधी धुवा, खळ असेल तर गरम पाण्यात काढा. न धुता शिवलं तर पुढं एक थर आटतो, दुसरा आटत नाही आणि वाकळ चुरमडते. खळ राहिली तर कसर लागते. इरकलीच्या लाल काठाचा रंग आधी तपासा: पांढरी चिंधी ओली करून काठावर दहा वेळा घासा. चिंधी रंगली तर ते लुगडं वेगळं, थंड पाण्यात, निथळ स्वच्छ येईपर्यंत धुवा. चार-पाच धुण्यांनंतरही रंग सुटत असेल तर त्याला फिकट कापडाशेजारी लावू नका. मिठाच्या पाण्यानं रंग पक्का होतो असं सांगतात. आधीच रंगवलेल्या कापडाला त्याचा भरवसा धरता येत नाही. नायलॉन, पॉलिस्टरच्या साड्या थरात घालू नका. त्या सरकतात, घाम टिपत नाहीत. अशीच साडी तिला प्रिय असेल तर तिचा काठ गोटाला वापरा.

आता मांडणी. झाडून पुसलेल्या फरशीवर खालचा थर उलटा अंथरा, चारी कोपऱ्यांना वरवंटा, वजनं, जे जड असेल ते ठेवा. त्यावर एक-एक थर टाकताना प्रत्येक वेळी मधून बाहेर हात फिरवून सळ काढा. शेवटचा थर सुलटा. मग कच्चे टाके घाला: मधोमध उभी ओळ, मधोमध आडवी ओळ, आणि तिथून कडेकडं जात वीतभर अंतरावर. कच्चे टाके कडेपासून सुरू केले तर सगळी सळ मध्ये गोळा होते आणि तिथं फुगा येतो. तो नंतर कशानंही बसत नाही. बहुतेक वाकळी इथंच बिघडतात. एक संध्याकाळ जास्त गेली तरी चालेल, पण कच्चे टाके टाळू नका.

पक्का धावदोरा मात्र कडेनं आत जात घालतात. टाका सुताच्या जाड दोऱ्याचा, दोन पदरी, एका सेंटिमीटरच्या आतला. दोन ओळींत दोन बोटं अंतर. दोरा एका वेळी हातभरच घ्या, लांब घेतला की पिळतो आणि कापडातून जाऊन जाऊन विरतो. या अंतरानं सिंगल वाकळीला दोन पदरी मिळून अडीचशे मीटर दोरा लागतो. एकाच रंगाचा, एकदमच आणून ठेवा. गाठ थरांच्या आत लपवा, वर ठेवली तर अंगाला टोचते आणि धुण्यात सुटते. दोरा फार ओढू नका; बोटानं कापड दाबलं तर टाका कापडाबरोबर बसला पाहिजे, त्यात रुतता कामा नये. चार-पाच ओळी झाल्या की कच्चे टाके त्या भागापुरते काढत चला.

कडेला लुगड्याचाच काठ दुमडून गोट लावा. मागच्या एका कोपऱ्यात साखळी टाक्यानं तिचं नाव घाला, आणि ते माहेरच्या नावासकट घाला. बऱ्याच जणींचं लग्नात नाव बदललेलं असतं आणि नातवंडांना ते माहीतही नसतं. नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव, जन्म आणि मृत्यूचं साल एवढं पुरे.

मशीनवर वाकळ दोन दिवसांत होते, पण खालचा थर सरकतो आणि ती कडक राहते. घरात कुणाला जमत नसेल तर गावात मजुरीवर वाकळ शिवणाऱ्या बाया असतात. त्यांना कापड कापून, कच्चे टाके घालून द्या, मजुरी आधी ठरवा आणि तिच्यात घासाघीस करू नका.

भावंडं जास्त असली तर लुगडं दहा जणांत फाडून रुमाल-पिशव्या करण्याचा विचार पुढं येतो. आमचं स्पष्ट मत आहे की तसं करू नये; पिशवी दोन वर्षांत फाटते. एक वाकळ करावी आणि बाकीच्यांना पंजाएवढा एक-एक चौकोन द्यावा, जो त्यांनी आपापल्या वाकळीत लावावा. पैठणी किंवा जरीची ठेवणीतली साडी मुळीच कापू नका. ती धुतलेल्या पांढऱ्या सुती फडक्यात गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये नको. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला, नाहीतर जर घडीवरच तुटते. डांबरगोळी कापडाला टेकवू नका. सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवला तरी भागतं. घरातल्या प्रत्येक लग्नात ती एकेकीनं नेसावी.

हातची चव

ज्या सुनेनं, लेकीनं तिच्या शेजारी उभं राहून स्वयंपाक केला, तिला ‘प्रमाण सांग’ म्हणू नका. तिला माहीत नसतं, तिच्या हाताला माहीत असतं. तिला करू द्या आणि दुसऱ्यानं वजनकाटा घेऊन बसा. डबा, बरणी, तेलाचं भांडं आधी तोला, तिनं घेतल्यावर पुन्हा तोला. फरक म्हणजे तिचं प्रमाण. तिची चिमूट, तिची मूठ यात अडथळा येत नाही.

मायचं मापटं, तिची आमटीची वाटी जपून ठेवा आणि मोजून ठेवा. त्या भांड्यात ज्वारी किती ग्रॅम बसते, तूरडाळ किती, पीठ किती, हे वेगवेगळं लिहा. एकाच मापट्यात प्रत्येकाचं वजन वेगळं भरतं. काळ्या मसाल्याचे आणि येसराचे (आमटीला लावायच्या मसाल्याच्या पिठाचे) जिन्नस भाजायच्या आधी तोला, भाजल्यावर वजन उतरतं. मिरची कोणती आणि कोणत्या दुकानची, कांडप कुठलं, हेही लिहा, कारण चव बदलली की बहुतेक वेळा मिरचीच बदललेली असते. पहिला घाणा पाव किलोचाच करा. भाकरी किंवा धपाटं थापताना चिरत असेल तर प्रमाणाला दोष देण्याआधी पीठ बघा. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते.

मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला जे घर रानात जातं, त्यानं भाज्या-शेंगांची भज्जी आणि आंबील त्या वर्षी तिच्या पद्धतीनंच करावी आणि त्याच दिवशी टिपून घ्यावी. भज्जीत कोणत्या भाज्या, कोणत्या शेंगा, चिंच किती, पीठ कधी लावायचं, यावर बायकांमध्ये वाद होतील. होऊ द्या, त्या वादातच तिची पद्धत नीट बाहेर येते.

कागद आणि फोटो

निजामी अमलातले शाळेचे, जमिनीचे कागद उर्दूत किंवा मोडी लिपीत असतात. वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत घालू नका. फोटो काढून वाचणाऱ्याला दाखवा.

जुने फोटो सावलीत, फ्लॅश बंद ठेवून, फोन फोटोला समांतर धरून टिपा. पासपोर्टएवढा फोटो मोठा करायचा असेल तर स्कॅनरवर ६०० डीपीआयला काढा. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, कागद फाटतो; आधी पानासकट टिपून घ्या. मागं नावं लिहायची ती मऊ शिसपेन्सिलीनं, कडेला. बॉलपेनचा वळ पुढं उमटतो.

भिंतीवर मूळ फोटो लावू नका, प्रत लावा. ओल्या हाराचं पाणी आणि अष्टगंध चौकटीच्या फटीतून आत जातं, फोटो काचेला चिकटतो आणि काढताना चेहराच निघून येतो. चौकट करणाऱ्याला काच आणि फोटो यांच्यात जाड कागदाची पट्टी घालायला सांगा, हार खिळ्याला अडकवा, आणि खिडकीसमोरची भिंत टाळा. फोटो आधार कार्डावरचा घेऊ नका. एखाद्या लग्नात, रानात, लेकरू मांडीवर घेऊन बसलेली असेल त्याच्या प्रतीतून तेवढाच भाग घेऊन मोठा करा.

पेनड्राइव्ह वर्षातून एकदा, तिच्या तिथीच्या आदल्या दिवशी, संगणकाला लावून फाइली उघडतात का ते बघा. उघडत नसतील तर त्याच दिवशी भावंडाकडच्या प्रतीवरून नवी काढून घ्या.